रविवारीही भरलेलं कॅलेंडर

माझ्या मुलीने घर घेतलं आणि त्या घराचा भाव मी केला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर तो का चढला ते कळेल. लोक म्हणतात, "अहो, पोरीने स्वतःच्या कमाईवर घर घेतलं, पेढे वाटा." वाटले की. चांगल्या दुकानातले वाटले, आणि दुकानदाराशी भाव करून वाटले. पुण्यात मिठाईच्या दुकानात भाव होत नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा माझ्याबरोबर यावं. पण पेढे वाटले म्हणजे राग गेला, असं कुणी समजू नये.

भाव करणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. खराडीतल्या काही ऑफिसांची कॅन्टीन मी चालवते. सुरुवात येरवड्यातल्या एका खोलीत डबे भरण्यापासून झाली. तेव्हा भांडवल म्हणून माझ्याकडे एक स्टोव्ह आणि एक जीभ होती. स्टोव्ह बदलला, जीभ तीच आहे. मार्केट यार्डात माल आणायला जायचे तिथे एक गोष्ट शिकले. रिकामी पोती रिक्षात ठेवायची आणि हात हलवत गाळ्यावर जायचं. म्हणजे आपल्याला माल हवाच आहे, आजच हवा आहे, हे समोरच्याला दिसत नाही. ज्याला तुमची गरज दिसली, त्याने तुमचा भाव ठरवला. बाकी आवाज, हातवारे, उठून चालू लागणं ही सगळी नंतरची सजावट. सजावटीच्या बाबतीत मी कधी हात आखडता घेतला नाही, हेही खरं.

एवढं सगळं येत असून स्वतःच्या घराचा भाव मात्र मी कधी केला नाही. आमचं घर नवऱ्याच्या खात्यातल्या लोकांनी काढलेल्या सोसायटीतलं. नवरा सरकारी कारकून होता, आता निवृत्त आहे. सोसायटीने आकडा सांगितला आणि सगळ्यांनी माना खाली घालून तो भरला. मी तोंड उघडलं तेव्हा नवरा म्हणाला, "अगं, ही सोसायटी आहे, मंडई नाही." म्हणून मुलगी हिंजवडीत नोकरीला लागली आणि पहिल्या पगाराच्या दिवशी म्हणाली, "आई, मी घर घेईन ना, तेव्हा भाव तू करायचास," तेव्हा तो शब्द मी जपून ठेवला. मी तो मागितला नव्हता. तिने आपणहून दिला होता.

त्या शब्दाप्रमाणे आम्ही एक घर बघायला गेलोही होतो, बावधनला. मुलीला ते आवडलं. आवडलं तर आवडलं, पण विकणाऱ्या माणसासमोर तिने ते बोलून दाखवलं. "आई, ही खिडकी बघ ना! डोंगर दिसतोय!" झालं, सौदा तिथेच लंगडा झाला. मी सावरायला घेतला. खिडकी पश्चिमेला आहे, उन्हाळ्यात पापड भाजायला गॅस लागणार नाही, म्हटलं. स्वयंपाकघरात दोघी उभ्या राहिल्या तर तिसरीला कांदा जिन्यात चिरावा लागेल, म्हटलं. खाली त्यांच्या ऑफिसात बसल्यावर तो माणूस म्हणाला, "मॅडम, आमचे रेट फिक्स आहेत." मी त्याला फिक्स या शब्दाचा अर्थ जरा मोठ्याने विचारला. शेजारच्या टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. मग मी उठले आणि चालू लागले. उठून चालू लागणं हा निम्मा सौदा असतो. गाडीत मुलीला सांगितलं, बघ, दोन-चार दिवसांत त्याचाच फोन येतो. आला नाही. ते घर दुसऱ्या कुणी घेतलं. त्या खिडकीचा फोटो बरेच दिवस तिच्या फोनच्या पडद्यावर होता. माझं आजही म्हणणं आहे की आणखी थोडं थांबलो असतो तर फोन आला असता.

आता कॅलेंडरकडे येते.

खराडीतल्या माझ्या सगळ्यात मोठ्या कंपनीत एक नवीन व्यवस्थापक आला. इमारत, सफाई, पहारा, कॅन्टीन, सगळं त्याच्या हाताखाली. वयाने माझ्या मुलीपेक्षा थोडा मोठा असेल. आधीचे व्यवस्थापक काम निघालं की स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचे, दोन भजी तोंडात टाकायचे आणि काम सांगायचे. हा दारात येत नसे. याने सगळ्या कंत्राटदारांना कंपनीचा ईमेल आणि कॅलेंडर देऊन टाकलं आणि तिथे बोलावणी पाठवायला लागला. मी ती उघडत नव्हते. दुपारी शेकडो माणसं जेवायला येतात, त्या वेळी कॉम्प्युटर उघडून बसायचं की आमटीकडे बघायचं? एक दिवस स्वयंपाकघराची तपासणी झाली आणि मी मार्केट यार्डात होते. परत आले तर हा म्हणाला, "मॅडम, इन्व्हाइट कधीच पाठवलं होतं. कॅलेंडरवर होतं."

"पाठवलं तेव्हा मीही खालच्याच मजल्यावर होते," मी म्हटलं. "मधे जिना आहे."

"तसं नाही ना मॅडम. सिस्टीम असते."

सिस्टीम या शब्दावर माझी कानशिलं तापली, पण तपासणी हुकली होती हे खरं होतं. त्या रविवारी मुलगी घरी आली तेव्हा तिच्यासमोर फोन टाकला आणि म्हटलं, याचं काय ते कर. मुलगी वाकडला मैत्रिणींबरोबर भाड्याने राहायची आणि रविवारी आमच्याकडे जेवायला यायची.

"सोपं आहे आई. ऑफिसचं कॅलेंडर तुझ्या फोनला जोडून देते. मग कामाचं आणि घरचं एकाच ठिकाणी दिसेल. तू फोनवर लिहिलंस तरी तिकडे जाईल, तिकडे कुणी काही टाकलं तरी तुझ्या फोनवर येईल. हे अलाउ करू का?"

"काय आहे ते?"

"परवानगी मागतंय."

"नाही दिली तर?"

"तर जोडलं जाणार नाही."

"मग विचारतेस कशाला?"

तिने भराभरा बोटं चालवली आणि फोन परत दिला. कंपनीची तपासणी, नवऱ्याची रक्तदाबाची तारीख, बुद्धपौर्णिमेला विहारात द्यायची खीर, तेलाच्या डब्यांची ऑर्डर, सगळं एका पंगतीला बसलं होतं. जाता जाता तिने तेच कॅलेंडर स्वतःच्या फोनलाही जोडून घेतलं. "म्हणजे तू कामात असलीस तर मी उगाच फोन करणार नाही," म्हणाली. मला बरंच वाटलं. एरवी मी तेलवाल्याला अर्ध्या वाटेवर आणलेलं असताना हिचा फोन यायचा, "आई, साबुदाणा किती वेळ भिजवायचा?" आणि तेलवाला तेवढ्या वेळात परत मूळ भावावर जाऊन बसायचा.

कॅलेंडर जोडलं त्याचा फायदा झाला, हे मी कबूल करते. माझी एकही बैठक चुकेना. मंडईत उभी असताना फोन थरथरायचा आणि मी व्यवस्थापकाच्या आधी त्याच्या खोलीत हजर असायची. त्यालाच उशीर व्हायचा. तेव्हा मी घड्याळाकडे बघायची, बोलायची काही नाही.

मग कंत्राटाच्या नूतनीकरणाची वेळ आली. कंत्राटदाराच्या आयुष्यात हाच एक खरा दिवस असतो, बाकीचे दिवस त्याची तयारी. मी भाववाढ मागायला गेले. डाळी चढल्या, गॅस चढला, माणसांचे पगार चढले. व्यवस्थापकाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

"मॅडम, मी तुमचं कॅलेंडर बघत असतो. बऱ्यापैकी रिकामं असतं. आमच्याशिवाय दुसरं फारसं काम दिसत नाही. त्यामुळे रेट वाढवण्यापेक्षा तुम्ही थोडं ॲडजस्ट केलंत तर बरं. आणि पुढच्या रविवारी फॅमिली डे आहे, तुम्ही मोकळ्याच आहात, तर नाश्ता तुमच्याकडून धरतो."

मी आयुष्यभर जी रिकामी पोती रिक्षात लपवत आले, ती या फोनने गाळ्यावर नेऊन पसरली होती. माझी बाकीची कामं छोटी आहेत, ती मी तोंडी ठरवते, लिहीत बसत नाही. पण याला फक्त लिहिलेलं दिसत होतं आणि लिहिलेलं काहीच नव्हतं. त्या दिवशी मी आवाज चढवला नाही. जो माणूस आपल्याला मोकळा समजतो त्याच्यावर ओरडलं की त्याची खात्री पटते. "विचार करून सांगते," म्हटलं आणि खाली येऊन एका पातेल्यावर झाकण असं आपटलं की पोळ्या लाटणाऱ्या बायका लाटणी धरून तशाच थांबल्या.

घरी येऊन चहा घेतला आणि फोन घेऊन बसले. कॅलेंडर भरायला घेतलं. मगरपट्ट्यात भेट. विमाननगरला स्वयंपाकघर पाहणी. हिंजवडीत नमुना जेवण. नमुना जेवण म्हणजे नवीन कंपनी कंत्राट द्यायच्या आधी आपल्या हातची चव बघते ते. ते लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं, ही बाई दुसरीकडे चालली. आठवडा भरून झाला तरी हात थांबेना. त्याचा डोळा माझ्या रविवारांवर होता, म्हणून रविवारीही हिंजवडी टाकली. एका रविवारी टाकली, मग पुढच्या, मग सगळ्याच.

नवरा पेपर बाजूला करून म्हणाला, "काय चाललंय?"

"कामं लिहितेय."

"कधी मिळाली?"

"मिळाली नाहीत. लिहितेय."

"असं," म्हणाला आणि पेपर परत वर धरला. "आमच्या खात्यात उलटं होतं. मिळायची, पण कुणी लिहायचं नाही."

व्यवस्थापकाचा सूर आठवडाभरातच बदलला. आधी तो फॅमिली डेच्या नाश्त्याबद्दल बोलेनासा झाला. मग एक दिवस स्वतः जिना उतरून दारात आला. भजी खाल्ली. म्हणाला, "मॅडम, हल्ली फार बिझी दिसता." मी म्हटलं, "काय करणार, लोक बोलावतात." त्याने आणखी एक भजं उचललं आणि भाववाढीचा कागद आजच बघतो म्हणाला. मी मागितली होती तेवढी नाही, पण जेवढी मनात धरली होती त्याहून जास्त वाढ मिळाली. मागायची एक रक्कम असते आणि मनातली एक असते, हे सांगायला नकोच. याला कुणी लबाडी म्हणेल. त्याने माझं कॅलेंडर वाचून माझी किंमत केली, मी त्याला वाचायला मजकूर दिला. मला त्यात काही गैर वाटलं नाही, आजही वाटत नाही.

नूतनीकरणाच्या सह्या झाल्या तरी मी त्या नोंदी पुसल्या नाहीत. पेरलेलं आहे तर राहू दे म्हटलं. मधल्या दोन रविवारी मुलगी जेवायला आली नाही, काम आहे म्हणाली. मला काही वाटलं नाही. कामाची माणसं आम्ही.

पुढच्या रविवारी मी घरात मिरच्या भाजत होते, वर्षाचा मसाला करायला काढला होता. नवऱ्याने इस्त्रीचा शर्ट घातला आणि जरा जाऊन येतो म्हणाला. निवृत्त माणूस इस्त्रीचा शर्ट घालतो तेव्हा विचारायला हवं होतं, पण मिरच्या करपल्या असत्या. संध्याकाळी दार उघडलं तर नवरा आणि मुलगी दोघंही दारात, आणि मुलीच्या हातात पेढ्यांचा डबा.

"आई, घर घेतलं. वारज्याला. आज टोकन दिलं."

कुठल्या मजल्यावर, केवढं, हप्ता किती, हे मी काही विचारलं नाही. मी विचारलं, "भाव कुणी केला?"

"मी."

"आणि मी काय मेले होते?"

"आई, तुझं कॅलेंडर बघितलं ना. एकही रविवार मोकळा नव्हता. आजही तू हिंजवडीत होतीस, नमुना जेवणाला." एवढं बोलून तिने माझ्या लाल हातांकडे आणि परातीतल्या मिरच्यांकडे बघितलं.

"अगं, ते खोटं होतं! त्या व्यवस्थापकाला दाखवायला लिहिलं होतं! हवं तर विचार यांना, यांच्यासमोर लिहिलं!"

"माहितेय," मुलगी म्हणाली.

"काय माहितेय?"

"की खोटं आहे. आई, मी हिंजवडीत नोकरी करते. रविवारी तिथे नमुना जेवण खायला असतं कोण गं? वॉचमन आणि कुत्री."

मी नवऱ्याकडे वळले. "अहो, आणि तुम्ही? मला जरा जाऊन येतो म्हणालात!"

"ती म्हणाली गप्प राहा," नवरा म्हणाला. "नोकरीभर तेच केलं, म्हटलं जमेल."

त्यानंतर मी जे बोलले ते आमच्या मजल्यावर सगळ्यांनी ऐकलं असेल, म्हणून इथे परत लिहीत नाही. मथितार्थ एवढाच की ज्या माणसाने आयुष्यात मेथीच्या जुडीबरोबर दोन मिरच्या फुकट मागितल्या नाहीत, त्याला घेऊन ही पोर घर विकत घ्यायला जाते आणि मी इथे मसाला भाजते. मुलगी माझा दम लागेपर्यंत उभी राहिली. मग म्हणाली, "तू लिहिलं होतंस मोकळी नाहीस. मी ते खरं धरलं, एवढंच."

"मुद्दाम धरलंस."

"हो, मुद्दाम. मला ती बावधनची खिडकी हवी होती आई."

यावर माझ्याकडे उत्तर होतं. फोन आला असता, हे उत्तर होतं. ते मी तिला याआधी पुष्कळदा दिलं होतं. या वेळी दिलं नाही. त्याऐवजी खुर्ची ओढली, समोर बसले आणि म्हटलं, "बस. काय काय ठरवलंस ते सांग."

मला खात्री होती की कुठेतरी भोक सापडणार. शिकलेली माणसं सौदा करताना मोठा आकडा बघतात आणि खालची बारकी अक्षरं सोडून देतात. मी एकेक विचारत गेले.

"पार्किंग?"

"झाकलेलं. नंबरासकट लिहून घेतलं."

"खिडक्यांना जाळ्या?"

"बिल्डरच लावून देणार."

"पाणी? खडकवासल्याचं धरण शेजारी असलं म्हणून नळाला पाणी येत नाही. महापालिकेचं येईपर्यंत टँकर कोण आणणार, आणि कुणाच्या खर्चाने?"

"बिल्डर. त्याच्या खर्चाने. त्याशिवाय टोकनच देणार नाही म्हटलं."

"आवडलं म्हणालीस का त्याच्यासमोर?"

"नाही. बाबांना आवडलं नाही म्हणाले मी."

नवरा म्हणाला, "मी नुसता भिंतीकडे बघत होतो. मला वाटतं त्याचा परिणाम झाला."

भोक सापडलं नाही. भावही बरा होता. मी केला असता तर आणखी खाली आणला असता, पण बरा होता. चांगला सौदा झाला आणि त्यात माझा हात नाही, हे वाईट सौद्यापेक्षा गिळायला जड जातं. सौदा वाईट झाला असता तर निदान मोडून काढता आला असता.

"करार कधी आहे?" मी विचारलं.

"शनिवारी, त्यांच्या ऑफिसात."

"मी येणार."

मुलगी काही बोलली नाही. मीही बोलले नाही. ही माझीच रीत. आपण मागायचं आणि गप्प बसायचं, समोरचा अस्वस्थ होऊन काहीतरी देऊ करतो. मिक्सरमध्ये घालायच्या मिरच्या गार होत होत्या. नवऱ्याने एक पेढा खाल्ला, मग दुसरा. मुलगी माझ्याकडे बघत होती, चेहरा अगदी कोरा. असा चेहरा मी मार्केट यार्डातल्या मुरलेल्या आडत्यांचा बघितला आहे. शेवटी मीच म्हटलं, "ओरडणार नाही."

"बोलणारही नाहीस," ती लगेच म्हणाली.

"बोलणार नाही म्हणजे काय? मुकी होऊन येऊ?"

"मी सांगेपर्यंत नाही."

"मग घरातलं सुतारकाम मी ठरवणार. ओटा, कपाटं, सगळं."

"ओटा तुझा. कपाटं माझी."

"ओटा आणि स्वयंपाकघरातली कपाटं."

"चालेल. आणि ते खोटं हिंजवडी पुसून टाक. तुझा खरा दिवस कुठला ते मला कळू दे."

"व्यवस्थापक बघतो."

"त्याच्यासाठी आठवड्याचे दिवस भर की. रविवार माझे ठेव."

ठरलं. रविवार मी तिच्यासमोर पुसले. मगरपट्टा आणि विमाननगर तसंच राहिलं.

शनिवारी वारज्याला गेलो. बिल्डरच्या ऑफिसात एक तरतरीत मुलगी करारपत्रं घेऊन बसली होती. ती म्हणाली, "या फ्लॅटला ना मॅडम, खडकवासल्याच्या बाजूचा वारा आहे. त्यामुळे या विंगला फार डिमांड आहे." वाऱ्याचे पैसे वेगळे लावता का, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते चहाबरोबर गिळलं. माझी मुलगी एकेक पान वाचून सही करत होती, घाई न करता. नवरा भिंतीकडे बघत होता. मी दोन्ही हात मांडीवर घेऊन बसले होते. कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, काय शांत बाई आहे.

शेवटून दुसऱ्या पानावर मुलीचं पेन थांबलं.

"हे क्लबहाउसचे पैसे? हे आधी नव्हतं."

"ते सगळ्यांनाच आहेत मॅडम. स्टँडर्ड आहे. सोसायटीत क्लबहाउस असतं ना."

"पण टोकनच्या वेळी सांगितलं नव्हतं."

"ते ना, लिस्टमध्ये अपडेट झालंय. मी काही करू शकत नाही, सिस्टीममधूनच येतं. प्लीज आज सह्या होऊन जाऊ देत, मला पुढचे क्लायंट आहेत."

मुलगी त्या आकड्याकडे बघत राहिली. तिने आणखी एकदा विचारून पाहिलं, नीट विचारलं, आणि त्या मुलीने तितक्याच नीटपणे तेच उत्तर दिलं. मी चहाच्या कपाकडे बघत होते. दिलेला शब्द म्हणजे शब्द. जीभ दातांमागे धरून ठेवायला किती ताकद लागते, ते मला त्या दिवशी कळलं.

मग मुलीने पेनाचं टोपण लावलं, खुर्ची थोडी मागे सरकवली आणि म्हणाली, "आई, बोल."

मी कप खाली ठेवला. मग अगदी हळू, विहारात बोलावं तशा आवाजात विचारलं, "बाळा, क्लबहाउस कुठे आहे?"

"ते प्रपोज्ड आहे, काकू. पुढच्या फेजमध्ये."

"म्हणजे बांधलेलं नाही."

"अजून नाही, पण..."

"बांधलं की सांगा. तेव्हा बघू, आवडलं तर देऊ. आज हे पान बदलून आणा. आम्हाला घाई नाही, आम्ही इथेच बसतो. तुमच्या पुढच्या लोकांना आत येऊ दे, आम्ही सरकून बसू. त्यांनाही बघू दे कसलं पान आहे ते."

काचेच्या दारापलीकडे एक जोडपं येऊन बसलं होतं. मी त्यांच्याकडे बघून हसले आणि शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून जागा केली. ती मुलगी उठली आणि साहेबांना विचारून येते म्हणून आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात नवीन पान होतं.

बाहेर आल्यावर मुलगी म्हणाली, "बघितलंस? न ओरडता झालं."

"ओरडले असते तर देखभालीचे आगाऊ पैसेही सुटले असते," मी म्हटलं.

नवरा म्हणाला, "चला, सगळ्यांचं समाधान झालं."

माझं झालेलं नव्हतं. क्लबहाउस म्हणजे किरकोळ. भाजी घेऊन झाल्यावर वरून मागितलेली कोथिंबीर. घराचा खरा भाव माझ्याशिवाय झाला तो झाला, आणि तो राग मी कुणाच्या सांगण्याने सोडणार नाही. गाडीत बसल्यावर मी मुलीला विचारलं, "दुसरं घर कधी घेणार?"

"आई! आधी याचे हप्ते फिटू देत."

"फिटतील. मी विचारतेय, त्याचा भाव कुणी करायचा?"

ती हसली आणि आरसा नीट करून गाडी बाहेर काढायला लागली. हो म्हणाली नाही. पण मी भाव करणारी बाई आहे, मला कळतं. नाहीही म्हणाली नव्हती.